पंपरूमवरून उडी आणि पायांकडचे पन्नास सेंटिमीटर

एका आईंचा प्रश्न आलाय. पंधरा वर्षांचा मुलगा पार्कोरचे (भिंती-छपरांवरून धावत उड्या मारायच्या खेळाचे) व्हिडिओ बघतो आणि सोसायटीच्या पंपरूमच्या छपरावरून, म्हणजे साधारण आठ फुटांवरून, खालच्या सिमेंटवर उड्या मारतो. ओरडलं की म्हणतो, "रोल केला की काही होत नाही, फिजिक्स आहे ते." हे खरं का, आणि खरं असेल तर किती उंचीपर्यंत, असं त्यांनी विचारलंय.

फिजिक्स खरं आहे. चिरंजीवांनी ते अर्धंच वाचलंय, एवढंच.

मी सव्वीस वर्षं मुलांना मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकवतोय. त्याआधी बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, ते नोकरीला कधी उपयोगी पडलं नाही, पण उड्यांना पडलं. तेव्हा आधी आठ फुटांचा हिशेब करू. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. तिथून सुटलेलं शरीर जमिनीला लागताना सेकंदाला सात मीटरच्या जरा आत असतं, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. गल्लीतून बेताने जाणाऱ्या स्कूटरचा हा वेग. मुलगा साठ किलोचा असो की नव्वदचा, वेग तोच. इतक्या उंचीवर हवेचा अडथळा धरायचीही गरज नाही.

आता हा वेग शून्यावर आणायचा आहे. किती अंतरात आणता, यावर सगळं ठरतं. वरून जेवढी उंची पडलात तिला खाली थांबायला मिळालेल्या अंतराने भागा, त्यात एक मिळवा; तुमच्या वजनाच्या तितक्या पटीचा सरासरी जोर अंगावर येतो. पाय ताठ ठेवून उतरलात तर बुटाचा तळ, टाचेखालची चरबी आणि सांध्यांतली थोडी दबणी धरून पाच सेंटिमीटर मिळाले तरी नशीब. २४४ भागिले ५, अधिक १, म्हणजे जवळजवळ पन्नासपट. साठ किलोच्या मुलावर तीन टन. तोच मुलगा घोटे, गुडघे, खुबे वाकवत पन्नास सेंटिमीटरभर खाली येत थांबला, तर हिशेब सहापटीच्या आत येतो, साडेतीनशे किलो. उंची तीच, सिमेंट तेच, मुलगाही तोच. आणि हे सरासरीचे आकडे झाले; प्रत्यक्षात जोराचं टोक त्याहून बरंच वर जातं, कारण पहिल्या क्षणाला धक्का नेहमी जास्त असतो. दुहेरी बॅक सॉमरसॉल्ट, म्हणजे हवेत मागे दोन कोलांट्या, मारून गादीवर उतरणाऱ्या कसलेल्या जिम्नॅस्टच्या पायांखाली वजनाच्या दहापटीच्या आसपास जोर मोजला गेलाय, आणि तो वर्षानुवर्षं तयार झालेला माणूस असतो.

तर मुलाला विचारायचं ते हे, की तुझ्याकडे सेंटिमीटर किती आहेत.

पायांकडे ते पन्नास-साठच असतात. उंची दुप्पट केली तर पाय दुप्पट लांब होत नाहीत. सोळा फुटांवरून वेग ताशी ३५ किलोमीटर होतो. तो दुप्पट झालेला नाही म्हणून पोरांना वाटतं की फार काही बिघडत नाही. पण शोषायची ऊर्जा दुप्पट झालेली असते, आणि त्याच पन्नास सेंटिमीटरमध्ये जोर दहापटीच्या वर जातो. तोही सरासरी. मांडीचे स्नायू तिथे हार मानतात, गुडघे एकदम बसतात, आणि हनुवटी स्वतःच्याच गुडघ्यावर आपटते. दात जिभेत घुसलेला मुलगा मी दोनदा दवाखान्यात नेलाय. दोन्ही वेळा उडी फार उंच नव्हती. मुलगा दमलेला होता.

हे सेंटिमीटर वापरायचे कसे, तेच खरं शिकवावं लागतं. पहिल्यांदा चवडा टेकतो, मग टाच. यात पोटरी ताणली जात जाते आणि पहिला झटका ती खाते. मग गुडघे, मग खुबे, कंबर मागे आणि छाती जरा पुढे, जशी खुर्चीवर बसताना असते. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत राहिले पाहिजेत. उतरताना ते आत, एकमेकांकडे वळले तर गुडघ्यातला पुढचा तिरपा बंध (एसीएल) तुटू शकतो. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त दिसतं, म्हणून मुलींच्या बॅचला मी समोर आरसा ठेवतो. गुडघा काटकोनाच्या फार पलीकडे जाऊ द्यायचा नाही, पुढे स्नायूंचा जोर झपाट्याने कमी होतो. हातही आधी पुढे टेकवायचे नाहीत. कोपर ताठ ठेवून हात टेकलेल्या माणसाचं मनगट मोडतं, हे कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा.

टाचेचं मला स्वतःच्या अंगावरून माहीत आहे. एकोणिसाव्या वर्षी पैजेवर शाळेच्या पडवीच्या छपरावरून उडी मारली होती. नऊ फूट असेल. खाली फरशी. ऐनवेळी भीती वाटली आणि मी मागे रेललो, पाय पुढे गेले, टाचा आधी लागल्या. उजव्या टाचेचं हाड चेपलं. डॉक्टरांनी टाच पाहिली आणि कमरेचाही एक्स-रे काढायला लावला. मला वाटलं, बिल वाढवतायत. पुढे कळलं की टाचेवर उतरलेल्या माणसाचे कमरेचे मणके बघायचेच असतात. टाच, नडगी, मांडीचं हाड, खुबा, मणके अशी ती एक सरळ काठी झालेली असते आणि धक्का खालून वर बिनअडथळा जातो. सुदैवाने माझे मणके शाबूत होते. टाच मात्र अजून पावसाळ्यात आठवण करून देते.

आणखी एक गोष्ट हिशेबात दिसत नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून तुम्ही पाय टाकता, आणि ती नसते. किंवा संपला म्हणून पाय टाकता आणि अजून एक पायरी असते. सहा इंचांचा मामला, पण दातापर्यंत झणका जातो. कारण स्नायू तयार नव्हते. जमिनीला पाय लागल्यावर शरीराने शुद्धीवर येऊन स्नायू आवळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात धक्क्याचं टोक येऊन गेलेलं असतं. म्हणून स्नायू हवेत असतानाच बेताने ताणलेले लागतात, आणि त्यासाठी जमीन कधी येणार याचा अंदाज अंगात मुरलेला लागतो. तो सरावानेच मुरतो, तोही ठरावीक उंचीचा. सहा फुटांवर शंभर उड्या मारलेला मुलगा आठ फुटांवर पुन्हा नवशिका असतो.

आता रोल. पार्कोरवाली मुलं ज्याला रोल म्हणतात ती आपली खांद्यावरून घेतलेली लोळण. तुमच्या मुलाची चूक इथे आहे. उडीचा वेग दोन भागांचा असतो, खाली येणारा आणि पुढे जाणारा. खाली येणाऱ्या वेगाचा मोठा वाटा पायांनीच खायचा असतो. रोल मुख्यतः पुढच्या वेगासाठी आहे. धावत येऊन भिंतीवरून झेप घेतली की पाय जमिनीला चिकटतात आणि धड पुढे जायला बघतं. ते तोंडावर आपटू नये म्हणून त्याला गोल वाट करून द्यायची. पायांवर उरलेला थोडा खालचा वेगही त्या वाटेने पुढे वळवता येतो, म्हणून पायांचं काम किंचित हलकं होतं. पण पंपरूमच्या कडेवरून सरळ खाली उतरलेल्या मुलाला पुढचा वेग असतोच किती? तो पायांवर दणकन आपटतो, धक्का खाऊन होतो, आणि मग आठवण झाल्यासारखा लोळतो. त्या लोळण्याने काही वाचलेलं नसतं. व्हिडिओत लोळण दिसते, गुडघे दिसत नाहीत, ही सगळी गफलत.

शिवाय लोळण नेमकी कुठून घ्यायची ते सिमेंटवर शिकता येत नाही. एका खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून तिरपं जाऊन दुसऱ्या बाजूच्या ढुंगणावर संपली पाहिजे. सरळ पाठीच्या कण्यावरून गेली तर मणक्यांची टोकं एकेक करून जमिनीवर आपटतात. शाळेत पीटीच्या तासाला शिकवतात ती सरळ कोलांटी गादीवर ठीक आहे. फरशीवर ती घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी खुर्चीला पाठ टेकवत नाही.

आमच्या तालमीत पूर्वी एक निवृत्त सुभेदार यायचे, पॅराशूट रेजिमेंटचे. पलटण दोन पॅरा, मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीतली. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलला विमानांतून उतरली तीच. सुभेदार त्या उडीत नव्हते, नंतर भरती झालेले, पण आग्र्याच्या शाळेत शिकलेलं पडणं त्यांना साठीतही येत होतं. गोल छत्रीखाली माणूस सेकंदाला पाच-सहा मीटरने जमिनीला लागतो, म्हणजे चार ते सहा फुटांवरून उडी मारल्यासारखा. उंची फार नाही. पण पाठीवर सामान, वारा बाजूला ओढतोय, खाली शेत आहे की दगड ते रात्री दिसत नाही. म्हणून पॅराट्रूपर उभं राहायचा प्रयत्नच करत नाही. पाय आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवायचे, हनुवटी छातीला, आणि चवडे लागताच बाजूला कोसळायचं: चवडे, पोटरीची बाजू, मांडीची बाजू, ढुंगण, मग पाठीची बाजू. एकेक मांसल भाग पाळीपाळीने जमिनीला द्यायचा. सुभेदार आखाड्याच्या कट्ट्यावरून मातीत असे पडायचे की पोरं हसायची, आणि मग पोरांना करून दाखवता यायचं नाही. ते सांगायचे, जमिनीकडे बघू नका, समोर क्षितिजाकडे बघा. जमिनीकडे बघितलं की पाय नकळत तिला शोधायला लांबतात, ताठ होतात, आणि वेगळे होतात.

जिम्नॅस्ट नेमकं याच्या उलट करतो. त्याला पाऊल न हलवता उभं राहण्याचे गुण मिळतात. शरीराच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे आणि आयुष्य त्यात घालवलेला माणूस हे म्हणतोय. घरातल्या कुणी जिम्नॅस्टिक्सचे सामने बघून तसं खिळून उभं राहायचा प्रयत्न सिमेंटवर करू नये.

आतापर्यंत पायांवर पडण्याचं बोललो. पाठीवर पडलात तर शरीराकडे द्यायला सेंटिमीटर जवळजवळ नसतातच. दोन-तीन असतील, तेही मांसाचे. मग ते जमिनीने द्यावे लागतात. कोल्हापूरकडच्या तालमींत लाल माती रोज फावड्याने खणून मोकळी करतात, तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद घालतात. त्यामागे श्रद्धा आहे, कातडीची काळजी आहे, पण मुख्य काम त्या खणण्याचं आहे. ढाक या डावाने पाठीवर आपटल्या गेलेल्या पैलवानाला बसलेल्या मातीत दोन सेंटिमीटर मिळाले असते, तिथे खणलेल्या मातीत सहा-सात मिळतात. जोर तिसऱ्या हिश्शावर. माती न खणता कुस्ती लावणारा वस्ताद मी पाहिलेला नाही.

उंच उडीचंही तेच. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने पाठीवरून बार ओलांडून सुवर्ण जिंकलं, ते फोमच्या जाड गाद्या आल्या होत्या म्हणून. वाळूच्या खड्ड्यात ती उडी मारून बघायला कुणाचीही छाती झाली नसती. पोलव्हॉल्टमध्ये आर्मांड डुप्लांटिस २०२५ साली टोकियोत ६.३० मीटर गेला. बारवरून गादीच्या वरच्या थरापर्यंत साडेपाच मीटरचं पडणं, आणि गादी अर्धा मीटर दबली तर जोर बारापट. तो सगळ्या पाठीवर वाटला जातो, त्यामुळे माणूस उठून नाचतो. त्याच उंचीवरून पायांवर सिमेंटवर आला असता तर स्ट्रेचर लागलं असतं.

या हिशेबाचं टोक २०१६ मध्ये ल्यूक एकिन्स या अमेरिकी स्कायडायव्हरने कॅलिफोर्नियात दाखवलं. ७,६२० मीटरवरून, अंगावर पॅराशूट नाही, खाली शंभर फूट लांबीरुंदीची जाळी. अंगाची पाटी करून पडणारा माणूस ताशी १९५ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. हवा त्याला त्याहून वेग घेऊ देत नाही. हवा नसती तर तेवढा वेग दीडशे मीटरच्या पडण्यातच आला असता. म्हणजे हिशेबासाठी ती ७,६२० मीटरची नव्हे, दीडशे मीटरची उडी. जोर दहापटीत ठेवायचा तर जाळी सोळा-सतरा मीटर खाली जाईल अशी टांगायला हवी. आणि तो ऐन शेवटच्या क्षणी उलटा होऊन पाठीवर जाळीत शिरला. पाय आधी घातले असते तर जाळीने त्याचं काय केलं असतं, ते न बोललेलं बरं.

पाण्याबद्दल एवढंच, की पाणी मऊ आहे हा गैरसमज विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही नसतो. एकदा पोट आपटलं की दिवसभर लाल. पाण्याला बाजूला सरकायला वेळ लागतो. सूर मारून टोकदार शिरलात तर ते हळूहळू सरकतं आणि दोन-तीन मीटरभर वेग खातं, आडवे पडलात तर सरकायच्या आत तुम्ही थांबलेले असता. हाय डायव्हिंगमध्ये पुरुष २७ मीटरवरून ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगाने पाण्यात येतात, आणि सगळे पाय खाली करूनच येतात. विहिरीतला आपला मुटका, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन मारलेली उडी, मजेशीर, पण तो कमी उंचीचा खेळ. आणि वैशाखातली विहीर ही श्रावणातली विहीर नसते, खाली पाणी किती ते आधी बघायचं.

मुंबई-ठाण्याकडचे पालक गोविंदाबद्दल विचारतात म्हणून तेही सांगतो. थर जागच्या जागी खाली बसला, तर वरचा मुलगा खांद्यांवरून घसरत, आधार बदलत खाली येतो. त्याला सेंटिमीटर तुकड्यातुकड्याने मिळतात आणि खाली माणसांची गादी असते. थर एका बाजूला कलंडला की वरचा मुलगा माणसांच्या कड्याबाहेर, डोकं खाली करून पडू शकतो. नऊ थरांची उंची तेरा मीटरच्या घरात, तिथून वेग ताशी ५७ किलोमीटर. त्याला कुठलंही तंत्र शिकवून उपयोग नाही. तिथे दोर आणि हेल्मेटच, आणि दोर धरणारा माणूस सेल्फीत नसलेला.

ता. क. म्हणून नेहमी येणारे दोन प्रश्न. पडणाऱ्या लिफ्टमध्ये ऐनवेळी उडी मारली तर? नाही. तीन मजले पडलेली लिफ्ट सेकंदाला तेरा मीटरने आपटते, तुमची उडी फार तर तीन मीटर वजा करेल, आणि पडत्या लिफ्टमध्ये तुम्ही तरंगत असता, उडीसाठी पाय नीट टेकलेलेच नसतात. दुसरा, आग लागली आणि पहिल्या मजल्यावरून उतरावंच लागलं तर? उडी मारू नका, लोंबकळा. गॅलरीची जमीन तीन मीटरवर असेल आणि तुम्ही तिच्या कडेला हातांनी लोंबकळलात, तर हातापासून पायापर्यंतचे दोन मीटर वजा होतात आणि पाय जमिनीपासून एक मीटरवर येतात. तीन मीटर आणि एक मीटर यांत केवढा फरक आहे, ते वरच्या भागाकारात घालून बघा.

आता तुमच्या मुलाचं. आठ फूट ही तयार मुलाला झेपणारी उंची आहे, त्याला आज ती झेपत नसावी. मल्लखांबही साधारण तेवढाच उंच असतो, पण आमच्याकडे खाली गादी असते आणि वरून उडी मारून उतरायला मी मुलाला पहिल्या वर्षी देत नाही. पंधराव्या वर्षी हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा अजून मऊ असते. नीट उतरलेल्या एका उडीने बहुधा काही होणार नाही. संध्याकाळच्या चाळीस उड्यांनी गुडघ्याखालचा उंचवटा दुखायला लागेल आणि तो महिनोन्‌महिने दुखेल. आधीच दुखत असेल तर उड्या बंद, डॉक्टर आधी. माझ्याकडचा क्रम असा: कमरेइतक्या उंचीवरून दहापैकी दहा उड्या नीट आल्या की छातीइतकी, ती नीट आली की डोक्याइतकी, पण ती आणि त्यापुढच्या फक्त गादीवर. सिमेंटवर स्वतःच्या खांद्यापेक्षा उंच जागेवरून उडी मारायला मी आजही तयार नाही.

नीट म्हणजे काय, ते ओळखायला तुम्हाला फिजिक्स लागत नाही. मी हॉलमध्ये मुलांकडे पाठ करून उभा राहतो आणि नुसता ऐकतो. ताठ उतरलेल्या मुलाचा "धाड्‌" असा एकच कोरडा आवाज येतो. चवडा-टाच नीट आलेल्याचा जेमतेम "थप". एक पाय आधी लागला तर दोन आवाज येतात. चेहरा न बघता कोण उतरलं ते मला कळतं, आणि पोरांना ही जादू वाटते. रविवारी त्याला चपला काढून जेवणाच्या खुर्चीवर उभं करा, खाली सतरंजी नको, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाठ करून उभ्या राहा. पाच उड्या. पाचातली एकही तुम्हाला ऐकू आली, तर पंपरूमच्या शिडीला कुलूप.